जांभळ्या शेतात पांढरं फूल

आर्डिस हिनरिक्सनं लोवेलला पहिल्यांदा पाहिलं ना, तेव्हा त्याचं तोंड काही दिसलं नाही तिला. दिसलं ते बूड.

खरं तेच सांगतोय. जुलैची सकाळ. दव असं पडलेलं, की सोयाबीनच्या पानांवरून नुसता हात फिरवावा आणि ओंजळ भरावी. आर्डिस आपला ट्रक घेऊन रस्त्यानं चालली होती, तर तिच्याच शेतात, पार मधोमध, हिरव्यागार पानांच्या वर एक खाकी पँट. नुसती पँट. डोकं, खांदे, सगळं पानांच्या आत गडप.

तिनं ट्रक थांबवला. बूट चढवले आणि ओळीतनं तरातरा आत शिरली.

"ए, कोण आहे ते? काय हुडकतोयस माझ्या शेतात?"

पँट दचकली. सरळ झाली. पानांतनं वर आला तो एक उंच, सडसडीत पोरगा… कमरेपर्यंत चिंब, केसात पान अडकलेलं, नाकाच्या शेंड्याला चिखल.

"फुलं," तो म्हणाला.

"फुलं बघायला गावात बाग नाही का?"

"आहे की. पण तिथली फुलं आपणहून दिसतात. वाकावं लागत नाही. त्यात काय मजा?"

आर्डिसनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ओठ घट्ट मिटून ठेवले, नाहीतर हसूच फुटलं असतं.

"लोवेल ब्रँट," नाक पुसत तो म्हणाला, आणि चिखल गालापर्यंत नेला. "बियाणं तपासनीस. म्हाताऱ्या थर्मनचे गुडघे गेलेत ना, त्याच्या तपासणीचा अर्धा इलाका यंदा मला दिलाय. शेताचे मालक कुठं भेटतील?"

"भेटलेत. समोर उभे आहेत."

"तुम्ही?"

"का? मालकाला मिशा लागतात असं कुठं लिहिलंय?"

त्यानं मान डोलावली आणि मूठ पुढं करून उघडली. ओल्या तळव्यावर तांदळाच्या दाण्याएवढं एक फूल होतं. पांढरं.

आणि आर्डिसचं हसू तिथंच मावळलं.

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे. सोयाबीनचं फूल असतंच एवढंसं, पानाच्या बगलेत लपून बसलेलं. एका वाणाचं जांभळं, दुसऱ्याचं पांढरं. शेंगा भरल्या, पानं गळाली की लांबून सगळं सारखंच. पण हिनरिक्सांचं शेत काही तेलाच्या घाण्याला जाणारं नव्हतं, ते होतं बियाण्याचं. वाण जांभळ्या फुलाचा. त्यात पांढरं दिसलं म्हणजे भेसळ. आणि भेसळ म्हणजे शेत नापास. मग तो माल सगळ्यांच्या मालात ओतायचा, नदीवरच्या बोटीतनं खाली समुद्राकडं जाऊ द्यायचा, आणि कुठं जपानात त्याचं काय होतं ते देव जाणे.

हिनरिक्सांच्या घरात बियाणं म्हणजे इज्जत होती. आर्डिसच्या आजोबानं इलिनॉयमध्ये आमच्या भागात पहिल्यांदा सोयाबीन पेरलं, तेव्हा लोकांनी त्याला येड्यात काढलं होतं. चिनी गवत म्हणायचे. मक्याच्या राज्यात हा माणूस गुरांना घालायला गवत पेरतोय म्हणायचे. मग लढाई आली, तेलाला मागणी आली, आणि हसणारी माणसं टोपी हातात धरून त्याच्याच दारात बियाणं मागायला उभी राहिली. तेव्हापासून गावात बी घ्यायचं तर हिनरिक्सांचं.

आता तिच्या बापाचं, ऑर्विलचं, कंबरडं गेलेलं. त्यानं वसंतातच सांगून टाकलं होतं, "आर्डिस, यंदाचं शेत तुझं. पास झालं तर बियाण्याचा धंदा तुझ्या हातात. नाही झालं तर जमीन मर्ल स्टकीला खंडानं देतो, आणि तू गावात जाऊन बँकेत खिडकीमागं बस." बोलणं कडक होतं, पण माणूस वाईट नव्हता. पोरीनं अर्ध्यात लटकू नये एवढंच त्याचं म्हणणं.

आर्डिसला बँकेची खिडकी नको होती. तिला हे ओलं, चिखलाचं, डासांचं शेतच पाहिजे होतं.

"अजून किती आहेत?" तिनं विचारलं. आवाज अजिबात हलला नाही.

"बघूया," लोवेल म्हणाला.

दोघं वाकले. पानं बाजूला सारत, ओळीमागून ओळ. एकदा दोघांनी एकाच झाडाला हात घातला, आणि टाळक्यावर टाळकं आपटलं. ती "हं" म्हणाली, तो "माफ करा" म्हणाला… पण हात काढायची घाई दोघांपैकी कुणीच केली नाही. पानांच्या आत सावली हिरवी असते. त्या सावलीत त्याचे डोळे तपकिरी आहेत हे तिला कळलं. कळून काय उपयोग, असं तिनं स्वतःलाच दटावलं.

थोड्या वेळानं ती उठून उभी राहिली आणि हसायलाच लागली.

"शेत नापास होतंय," लोवेल म्हणाला, "आणि तुम्ही हसताय?"

"दर सहावी ओळ. बघा ना. बाकीच्या ओळी चोख, सहाव्या ओळीतच पांढरं. आमच्या पेरणीयंत्राला सहा पेट्या आहेत. पाच मी उलट्या करून, हवा मारून साफ केल्या. सहावी राहिली."

"का राहिली?"

"आत्यानं हाक मारली. रुबार्बची पाई, ती गोड सारणाची, भट्टीतनं काढली होती, गरम गरम."

"आणि पेटीत होतं काय?"

"चर्चच्या शेतातलं बी."

लोवेलला लगेच उमगलं, तोही इकडचाच. आमच्याकडे चर्चचा एक तुकडा असतो. गावातली सगळी मिळून तो पेरतात, पिकेल ते देवाचं. जो तो आपल्या कोठीतलं उरलंसुरलं बी आणून ओततो, ह्याचं जांभळं, त्याचं पांढरं. देव काही तपासनीस पाठवत नाही. पेरणीयंत्र दरसाली हिनरिक्सांचं.

"म्हणजे देवानंच तुमचं शेत बुडवलं," लोवेल म्हणाला.

"देवानं नाही. पाईनं."

मग त्यानं कामाचं सांगितलं. आज शेत नापास. पण फुलं आहेत तोवर भेसळ काढून पुन्हा तपासणी मागता येते. येत्या गुरुवारी.

"मी हात लावला असता मदतीला," तो म्हणाला. "पण तपासणाऱ्यानं भेसळ काढायची नसते."

"मागितली कुणी मदत?"

"नाही. मी आपलं… बोलून ठेवलं."

त्याची गाडी पुढच्या वळणावर रस्त्याकडेच्या नाल्यात रुतलेली होती, म्हणूनच तर तो आधी घरी न जाता थेट शेतात शिरला होता. आर्डिसनं ट्रकला साखळी लावली.

"नापास करणाऱ्याला चिखलातनं मीच ओढून काढायचं," ती म्हणाली. "काय दिवस आलेत."

"नका काढू. राहतो इथंच. तुमच्याकडे दुपारी जेवायला काय असतं?"

ती ट्रकात चढली. आणि साखळी अशी हिसकली, की गाडी नाल्यातनं उडी मारून बाहेर आली.

दुपारी जेवणाच्या टेबलावर तिनं सगळं सांगितलं, पाईसकट. हेडा आत्यानं काटा खाली ठेवला. "माझ्या पाईला कशाला मधे ओढतेस गं? मी हाक मारली. पेटी साफ न करता ये, असं कुठं म्हणाले?"

"नाही म्हणालीस, आत्या. चूक माझीच."

ऑर्विलनं विचारलं, "मग? उपटत बसणार एकेक?"

"नाही बाबा. जी आज फुलली नाहीत ती उद्या फुलतील, परवा फुलतील. हातानं काढत बसले तर चार मागं राहतीलच. सहावी ओळच काढून टाकते. सगळी."

ऑर्विलचा घास थांबला. आमच्याकडे शेत रस्त्यावरून बघतात. रविवारी चर्चवरून परतताना माणसं गाडी हळू करतात आणि कुणाच्या शेतात तण आहे, कुणाची ओळ वाकडी आहे, हे पोराबाळांना दाखवतात. त्यात भर जुलैत उभं पीक ओळीच्या ओळी खरवडायचं…

"रस्त्यावरनं दिसेल," तो म्हणाला.

"दिसू दे."

"लोक हसतील, आर्डिस."

"आजोबांना हसलेच होते की. मग बी न्यायला आले."

म्हाताऱ्यानं थांबलेला घास गिळला. मग बटाटे तिच्याकडं सरकवले.

दुसऱ्या दिवशी तिनं ट्रॅक्टरला कोळपं जोडलं, बाकीची पाती वर बांधून एकच खाली ठेवली, आणि सहावी ओळ धरून चालू लागली. हिरवं पीक मागं उलटंपालटं होत होतं. मनात कुठंतरी दुखत होतं तिच्या, नाही असं नाही. पण चाक वाकडं गेलं नाही. ओळींच्या टोकाला कोळपं पोचत नव्हतं, तिथं ती खाली उतरून खुरप्यानं काढायची आणि पुन्हा चढायची.

शेजारचा मर्ल स्टकी गाडीतनं चालला होता. टक्कल घामानं चमकत होतं. जमीन आपल्याला खंडानं मिळेल या आशेनं त्याची गाडी आधीपासूनच या कुंपणापाशी हळू व्हायची, आज तर थांबलीच.

"काय गं आर्डिस, शेताला भांग पाडलास?"

"हो ना, मर्लकाका. तुम्हाला नवल वाटणारच. तुमचा भांग बघून फार वर्षं झाली."

मर्लनं गाडी पुढं काढली.

रविवारी संध्याकाळी चर्चच्या अंगणात आईस्क्रीम होतं. दर जुलैत असतं. घरोघरची लाकडी बादली येते, बर्फ येतो, जाडं मीठ येतं, आणि आळीपाळीनं दांडा फिरवायचा. आर्डिस दांडा फिरवत होती. आईस्क्रीम घट्ट व्हायला आलं की बादली नाचायला लागते, मग कुणीतरी वर पोतं टाकून बसावं लागतं.

"मी बसतो," मागनं आवाज आला.

लोवेल. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. नाकावर आज चिखल नव्हता.

"तुला कुणी बोलावलं?"

"रस्त्यावर पाटी आहे. सगळ्यांनी या, असं लिहिलंय. मी सगळ्यांतलाच एक."

"बस मग. पण उठायचं नाही. उठलास तर मीठ आत जातं."

"बस म्हणालीस ना, आता नाही उठत."

तो बादलीवर बसला. ती त्याच्या गुडघ्यापाशी वाकून दांडा फिरवायला लागली. दर फेऱ्याला तिचा खांदा त्याच्या पोटरीला लागायचा… ती हात बदलायची, पुन्हा लागायचा.

"दमलीस तर सांग," तो म्हणाला.

"तू गारठलास तर सांग."

"गारठलोय कधीचा. पण मला हुकूम आहे."

ती हसली, तोंड खाली करून. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

"आई आहे. बहीण आहे, ती नदीपलीकडं दिलीय. मेव्हणाही बियाणंच पिकवतो."

"मग काय, त्याचं शेत न वाकताच पास."

"त्याचं शेत मी तपासतच नाही. नात्यातल्या माणसाचं शेत तपासायचं नसतं. ते थर्मनकडं आहे. आणि थर्मन म्हणजे… शेंगेच्या आतलं बी पण घाबरतं त्याला."

हेडा आत्या तिकडं केक कापत होती. सुरी एका जागी कधीची थांबलेली होती आणि कान इकडं होते.

आईस्क्रीम झालं. आर्डिसनं पहिली वाटी लोवेलला दिली. मीठ आत न जाऊ दिल्याबद्दल. वाटी जरा मोठीच होती, आता त्यात काय.

पण मर्ल स्टकीनं ती पाहिली.

"घ्या," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आर्डिसचं शेत पास झालं. ओळी कशाला खरवडल्या पोरीनं उगाच? वाटी मोठी दिली असती की झालं असतं."

लोक हसले. वाईट मनानं नव्हे, आईस्क्रीम खाताना माणसं हसतातच. पण आर्डिसचा हात बादलीवरच राहिला.

तेवढ्यात पश्चिमेकडनं आलेली सर कोसळली. बायका केक घेऊन धावल्या, पुरुष टेबलं घेऊन. आर्डिस आणि लोवेल गाड्यांच्या जुन्या छपराखाली सापडले. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की जवळ उभं राहिल्याशिवाय बोलणं ऐकू येईना. म्हणून जवळ उभे राहिले.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

"ऐकलं."

"कुंपणानंच शेत खाल्लं, असं म्हणतील. माझ्या गोणीवर माझ्या आजोबाचं नाव असतं, लोवेल. तू पास केलंस तर म्हणतील वाटीनं केलं. आणि लोकांच्या भीतीनं नापास केलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही."

"म्हणजे दोन्हीकडून मेलो."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही." तिच्या कपाळावरनं एक थेंब ओघळत होता. त्यानं बोट उचललं… आणि खिशात घातलं. "आर्डिस, तुझं शेत चोख आहे?"

"आहे."

"कुणीही बघितलं तरी?"

"कुणीही येऊ दे. आंधळा येऊ दे, नाहीतर भिंग घेऊन येऊ दे."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. सर ओसरायच्या आतच तो भिजत गाडीकडं गेला. जाता जाता वाटी धुऊन पालथी घातली, तेवढं हेडा आत्यानं बघून ठेवलं.

गुरुवार उजाडला. आर्डिस पहाटेपासून बांधावर. केस विंचरलेले, निळा शर्ट. तिनं स्वतःला बजावलं होतं की निळा शर्ट काही खास नाही, तो वरच होता म्हणून घातला.

गाडी आली. पण दारातनं उतरला तो म्हातारा थर्मन, काठी टेकत, दुखरे गुडघे शिव्या घालून सरळ करत.

आर्डिसनं वाकून गाडीत बघितलं, दुसरं कुणी नव्हतं. पळाला म्हणजे. मर्लच्या एका टोमण्यानं पळाला… बादलीवरनं उठायचं नाही म्हटलं होतं, आणि पहिला हाच उठला.

"चला," ती म्हणाली. ताठ. "सुरू कुठनं करायचं?"

थर्मननं एकही ओळ सोडली नाही. गुडघे कुरकुरत होते तरी खाली बसायचा, पानं उलटायचा, वास घेतल्यासारखा वाकायचा. खरवडलेल्या ओळींत उतरला, त्यांच्या दोन्ही बाजू बघितल्या. टोकाला कोळपं जिथं वळवतात तिथंच चुका सापडतात, तो नेमका तिथं गेला. ऑर्विल बांधावर काठीला रेलून उभा, आणि त्याच्याशेजारी हेडा आत्या, ओल्या एप्रनवरच आलेली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा थर्मन बाहेर आला. त्यानं रुमालानं मान पुसली.

"जांभळं," तो म्हणाला. "सगळं जांभळं. ऑर्विल, आजवर इतकी शेतं पायाखाली घातली, पण भर जुलैत स्वतःच्या पिकावर कोळपं चालवणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. पास."

ऑर्विलनं कोठीची किल्ली कमरेची सोडली आणि पोरीच्या हातात ठेवली. मग तो लगेच आभाळाकडं बघायला लागला.

थर्मन गाडीपाशी पोचला, दार उघडलं, आणि थांबला.

"एक विचारायचं राहिलं. तो ब्रँटचा पोरगा परवा ऑफिसात आला. म्हणाला, हे शेत मला तपासता येणार नाही, नात्यातलं आहे. मी हिनरिक्सांना आजोबापासून ओळखतो. हे नातं मला कसं ठाऊक नाही?" त्यानं भुवया वर चढवल्या. "माहेरचं आहे की सासरचं?"

ऑर्विल आभाळातनं खाली आला. "मला तर कुणी काही बोललं नाही."

"तुला कुठं काय दिसतं, ऑर्विल," हेडा आत्या म्हणाली. "वाटी धुणारा पुरुष मी या गावात दुसरा बघितला नाही."

आर्डिसच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पण तिनं मान खाली घातली नाही.

"त्यालाच विचारून सांगते," ती थर्मनला म्हणाली. "आज कुठं आहे तो?"

"मर्ल स्टकीच्या शेतात. त्यानंही यंदा एक तुकडा बियाण्याला ठेवलाय."

ट्रकनं धूळ उडवली ती मर्लच्या बांधावरच बसली. शेत हिरवंगार, वारा पडलेला, आणि पार मधोमध पानांच्या वर एक खाकी पँट.

आर्डिस ओळीतनं चालत गेली. या वेळी हळू. पाऊल वाजू न देता. पानं गुडघ्याला घासत होती. लोवेल आता एक गुडघा टेकून बसला होता, एक फांदी हातात धरून, डोळ्याजवळ नेऊन.

"ए नातेवाईक," ती म्हणाली.

फांदी हातातनं सुटली. तो वळला. नाकावर चिखल.

"पास झालं," ती म्हणाली.

"ठाऊक होतं."

"सांगून का नाही गेलास?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, तूच ये आणि तूच तपास, मी भीत नाही कुणाला."

खरंच, तसंच म्हणाली असती ती.

"पण मला तपासता येत नव्हतं, आर्डिस," तो म्हणाला. "लोकांमुळं नाही. मी त्या शेतात वाकलो असतो ना, तर पांढरं समोर असतं तरी मला दिसलं नसतं. मला दुसरंच काहीतरी दिसत राहतं हल्ली… मग ऑफिसात खरं तेच सांगितलं. थोडं आगाऊ सांगितलं, एवढंच."

"थर्मन विचारतोय. माहेरचं नातं की सासरचं."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, त्यालाच विचारते."

लांब बांधावर मर्लचा ट्रॅक्टर येऊन थांबला होता, आणि त्यावर मर्ल डोळ्यांवर हात धरून बघत होता. लोवेलनं ते पाहिलं, आणि घाईघाईनं हात झाडत उठायला लागला.

आता आमच्याकडे रीत अशी, की पोरीला मागणी घालायची तर पुरुषानं एक गुडघा टेकून घालायची. हा तर कामासाठी आधीच टेकून बसला होता, चिखलात, पानांच्या मधे.

आर्डिसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली दाबला.

"उठू नकोस," ती म्हणाली. "आता बसलाच आहेस तर विचारून टाक."